समोरच्याच्या मनातलं पान

पत्त्यांच्या डावात हरलेल्या माणसाचं एक ठरलेलं वाक्य असतं, "पानंच आली नाहीत." बऱ्याचदा ते खरंही असतं. रमीत हातात आलेल्या तेरा पानांत एकमेकांशी जुळणारी दोन पानंही नसली, तर कितीही मुरलेला खेळाडू काय करणार? दोघांनी खेळायच्या बहुतेक खेळांत पानं वाटतानाच अर्धाअधिक निकाल लागून जातो, आणि उरलेल्या जागेत आपण डोकं चालवतो.

गूफस्पील या खेळात हे वाक्य तोंडातून निघूच शकत नाही. दोघांच्या हातात अगदी सारखी तेरा पानं असतात. समोरच्याकडे काय आहे हे पहिल्या क्षणापासून दोघांनाही माहीत असतं. लपवायला फक्त एकच गोष्ट उरते, आता या क्षणी तुम्ही कुठलं पान टाकणार आहात ती. एवढ्याशा गोष्टीवर एक माणूस जिंकतो, दुसरा हरतो, आणि हरलेला पुन्हा पत्ते पिसायला घेतो. घरात दोनच माणसं असतील, तास-अर्धा तास असेल आणि पत्त्यांचा एक कॅट असेल, तर माझ्या मते याच्याइतका चांगला खेळ नाही. तो शिकायला पाच मिनिटं लागतात. त्यात कसा विचार करायचा, हे समजायला मात्र थोडं शांतपणे बसावं लागतं.

खेळ असा

जोकर बाजूला काढून चारही रंग वेगळे करा. सगळं इस्पिक एकाला द्या, सगळं किलवर दुसऱ्याला. चौकटची तेरा पानं ही बक्षिसं. ती नीट पिसून मधोमध पालथी ठेवा. बदाम सध्या बाजूला राहू द्या, त्याचं काम पुढे आहे.

एक्का इथे सर्वांत लहान, त्याची किंमत १. दुर्रीची २, तिर्रीची ३, असं दश्शीपर्यंत. गुलाम ११, राणी १२, राजा १३. एक्का मोठा धरायची सवय हाताला इतकी असते की पहिल्या एक-दोन डावांत तो चुकून राजाच्या वर ठेवला जातोच, तेवढं सांभाळा.

चौकटचं वरचं पान उघडायचं. ते पाहून दोघांनीही आपल्या हातातलं एक-एक पान निवडून पालथं ठेवायचं आणि मग एकदम उलटायचं. ज्याचं पान मोठं त्याला बक्षीस. टाकलेली दोन्ही पानं डावातून बाद, ज्याचं लहान होतं त्याचंही. मग पुढचं बक्षीस. तेरा वेळा असं झालं की हात रिकामे होतात. मोजायची ती फक्त मिळालेली चौकट, स्वतः टाकलेली पानं मोजायची नाहीत.

दोघांनी सारखंच पान टाकलं तर? यावर घराघरांत वेगवेगळे नियम आहेत. कुणी ते बक्षीस बाद करतं, कुणी पुढच्या बक्षिसात जमा करतं. जमा करण्यात रंगत जास्त आहे, कारण राजावर बरोबरी झाली की पुढच्या क्षुल्लक तिर्रीची किंमत एकदम १६ होते. पण शिकताना बाद करण्याचा नियम बरा, हिशोब स्वच्छ राहतो. खालची सगळी गणितं तोच नियम धरून केली आहेत. काहीही ठरवा, पण पहिलं पान उघडण्याआधी ठरवा.

सगळ्या बक्षिसांची बेरीज ९१. म्हणजे ४६ गुण झाले की डाव तुमचा.

या खेळाचा मागोवा मेरिल फ्लड या अमेरिकन गणितज्ञापर्यंत जातो. १९३०च्या दशकात प्रिन्स्टनला असताना त्यांनी हा खेळ मांडला. पुढे १९५० मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेत मेल्विन ड्रेशर या गणितज्ञाबरोबर त्यांनी जो प्रयोग केला, तो आज 'कैद्यांचा पेच' म्हणून अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. दोन माणसं एकमेकांचा अंदाज घेत निर्णय घेतात तेव्हा नेमकं काय होतं, हा प्रश्न त्या माणसाला आयुष्यभर पुरलेला दिसतो. गूफस्पीलचं दुसरं नाव गॉप्स. ते 'गेम ऑफ प्युअर स्ट्रॅटेजी' या शब्दांची आद्याक्षरं जोडून झालं आहे. शुद्ध डावपेचांचा खेळ. नाव अतिशय योग्य आहे. नशीब अगदीच नाही असं नाही, कारण बक्षिसं कुठल्या क्रमाने येतील ते पिसण्यावर आहे, आणि असे क्रम ६२२ कोटी ७० लाख २० हजार ८०० होतात. पण तो क्रम दोघांच्याही समोर एकाच वेळी उघडतो. नशीब असलंच तर ते दोघांना सारखं वाटलेलं आहे.

जेवढी किंमत तेवढं पान

पहिल्यांदा खेळायला बसलेला माणूस साधारण दोनपैकी एका तऱ्हेने खेळतो. एक तर मनात येईल ते पान टाकतो, नाहीतर बक्षीस जेवढ्याचं तेवढंच पान टाकतो. राजावर राजा, सत्तीवर सत्ती. दुसरी पद्धत समंजस वाटते, आणि एका परिस्थितीत ती खरोखरच सर्वोत्तम आहे.

समजा समोरचा माणूस आपली तेरा पानं पिसून, न बघता, वरचं पान टाकत चालला आहे. त्याच्याविरुद्ध काय करावं? तुमचा राजा त्याच्या तेरापैकी बारा पानांना हरवतो, म्हणजे राजा कुठेही टाकला तरी जिंकण्याची शक्यता तेरात बारा. राणीची तेरात अकरा, गुलामाची तेरात दहा, असं उतरत एक्क्यापर्यंत, ज्याची शक्यता शून्य. प्रत्येक पानाची ताकद अशी ठरलेली आहे, ती कुठे खर्च करायची एवढंच तुमच्या हातात आहे. साहजिकच सर्वांत मोठी ताकद सर्वांत मोठ्या बक्षिसावर, त्याखालची त्याखालच्यावर. म्हणजे किमतीएवढं पान. शेल्डन रॉस या गणितज्ञांनी १९७१ मध्ये हे रीतसर सिद्ध केलं. पाहत-पाहत आपला बेत बदलत गेलात तरी अशा अंधाधुंद खेळणाऱ्याविरुद्ध याहून चांगलं काही करता येत नाही.

हिशोब मांडला तर सरासरीने तुम्हाला ५६ गुण पडतात, त्याला २८, आणि ७ बरोबरीत बाद होतात. बरोबर दुप्पट. घरी करून पाहायला ही छान गोष्ट आहे: एकाने पालथ्या गड्डीतून न बघता पानं टाकायची, दुसऱ्याने किमतीएवढी. पाच-सहा डाव झाले की दुसऱ्याचं पारडं जड झालेलं दिसू लागतं.

माझी मुलगी लहान असताना तिच्याशी मी असाच खेळायचो, आणि ती हरायची. मग एके दिवशी तिने माझ्याकडे नीट बघायला सुरुवात केली.

एक पायरी वर

मी किमतीएवढंच पान टाकतो, हे समोरच्याच्या लक्षात आलं की काय होतं ते पाहा. एक्क्यावर मी एक्का टाकणार, ती दुर्री टाकते. दुर्रीवर मी दुर्री, तिची तिर्री. असं करत राणीवर माझी राणी आणि तिचा राजा. उरला राजा. त्यावर माझा राजा पडतो आणि ती उरलेला एक्का शांतपणे सोडून देते. हिशोब: मला राजाचे १३, तिला बाकी सगळे ७८.

अंधाधुंद खेळणाऱ्याविरुद्ध जी पद्धत सर्वोत्तम होती, तीच इथे ७८-१३ अशी हरते. पद्धतीत काही बिघडलेलं नाही. फरक एवढाच पडला की ती समोरच्याला माहीत झाली.

आता मला कळलं की ती एक पायरी वर खेळते आहे. मग मी दोन पायऱ्या वर जातो. एक्क्यावर तिर्री, दुर्रीवर चौकी, असं गुलामावर राजापर्यंत. राणीवर तिचा राजा येणार हे माहीत असल्यामुळे तिथे मी एक्का टाकतो, आणि राजावर तिचा एक्का येणार म्हणून तिथे माझी दुर्री पुरते. मला ७९, तिला फक्त राणीचे १२. दुर्रीने राजा घेतल्याचा जो आनंद असतो तो दुसऱ्या खेळात मिळणं कठीण.

दोन पायऱ्यांवर तीन, तीनवर चार, असं वर जात राहिलं तर कुठे पोहोचतो? बाराव्या पायरीवर एक विचित्र खेळाडू भेटतो. तो एक्क्यावर राजा टाकतो, दुर्रीवर एक्का, तिर्रीवर दुर्री, म्हणजे पहिलं बक्षीस सोडलं तर प्रत्येक ठिकाणी किमतीपेक्षा एक कमी. त्याला हरवायला काय लागतं? साधं किमतीएवढं पान! एक्का त्याला जातो, बाकी ९० तुम्हाला. आपण जिथून निघालो होतो तिथेच परत आलो.

दगड-कागद-कात्री या खेळात तीन खुणा एका वर्तुळात एकमेकींना हरवतात. इथे तेरा बेत वर्तुळात उभे आहेत आणि प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याला चारीमुंड्या चीत करतो. सगळ्यांना हरवणारा असा एकही नाही. हे तेराच नव्हेत, समोरच्याला आधी कळलेला कुठलाही बेत असाच मोडता येतो. जो बेत कागदावर लिहून टेबलावर ठेवता येतो, त्याच्यावर मात करणारा बेत त्याच्याच शेजारी लिहिता येतो.

म्हणून "या खेळात कसं खेळावं?" या प्रश्नाला "अमुक बक्षिसावर अमुक पान टाका" असं उत्तर मिळत नाही. उत्तर वेगळ्याच प्रकारचं आहे. तिकडे जाण्याआधी पानांच्या ताकदीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण समोरच्याचं मन वाचणं नंतरचं, आधी टेबल वाचता यायला हवं.

थोडक्यात जिंका, सपशेल हरा

वरच्या ७८-१३ डावाकडे पुन्हा पाहा. मुलीने बारा बक्षिसं जिंकली ती प्रत्येक वेळी एकाच पानाच्या फरकाने. एकच हरली, ते थेट बारा पानांच्या फरकाने. तिच्या यशाचं रहस्य हेच आहे. दोघांच्या हातांची एकूण ताकद सारखीच आहे, तेव्हा जिंकताना जेवढा फरक जास्त तेवढी आपली ताकद वाया गेली. छक्कीवर राजा टाकून समोरच्याच्या एक्क्याला हरवणं म्हणजे नुसतं ६ गुण घेणं नव्हे, आपला राजा त्याच्या एक्क्याच्या बदल्यात देऊन टाकणं आहे. जे हरणारच आहात ते सगळ्यांत लहान पान टाकून हरा.

याच कारणाने, पहिलंच बक्षीस राजा निघालं तर त्यावर एक्का टाकण्याचा मोह होतो. समोरच्याने राजा टाकला तर तो १३ गुणांनी पुढे जातो, पण आता तुमच्या हातात दुर्रीपासून राजापर्यंत बारा पानं, त्याच्याकडे एक्क्यापासून राणीपर्यंत बारा. त्याच्या प्रत्येक पानाला बरोबर एका पायरीने हरवणारं पान तुमच्याकडे आहे. शिल्लक ७८ गुणांपैकी त्याला ३३ हवेत, तुम्हाला ४६. सौदा वाईट नाही, पण तो फुकटचाही नाही. आणि समोरच्यालाही हाच मोह झाला असेल तर? त्यानेही एक्काच टाकला तर राजा कुणालाच नाही. त्याने दुर्री टाकली असेल तर मात्र तेरा गुण दुर्रीला गेले आणि तुमच्याकडे त्या बदल्यात काहीच आलं नाही.

बक्षिसांचंही एक गणित ध्यानात ठेवण्यासारखं आहे. राजा, राणी, गुलाम आणि दश्शी यांची बेरीज बरोबर ४६ होते. म्हणजे ही चार बक्षिसं मिळाली तर उरलेली नऊ समोरच्याला देऊन टाकली तरी तो ४५ वर थांबतो आणि तुम्ही एका गुणाने जिंकता. ही योजना मोहक आहे, पण तिच्यात फट आहे. चारपैकी एक जरी निसटलं तरी ती कोसळते, आणि समोरच्याला फक्त एकाच ठिकाणी तुमच्यावर मात करायची असते. तुमची राणी राणीवर येणार हे ओळखून त्याने तिथे राजा टाकला की झालं. ज्याचा बेत चारही खांब शाबूत राहण्यावर उभा आहे, त्याच्याशी खेळणं सोपं असतं.

तिसरी गोष्ट, जी नवे खेळाडू फार उशिरा पाहतात. पानावर लिहिलेल्या आकड्याला स्वतःचा काही अर्थ नाही. ते समोरच्याच्या हातातल्या कुठल्या पानांना हरवतं, एवढाच त्याचा अर्थ. समजा डाव मध्यावर आला आहे. तुमच्याकडे दुर्री, पंजी, छक्की आणि गुलाम आहेत, समोर एक्का, तिर्री, सत्ती आणि दश्शी. तुमचा गुलाम आता राजाच आहे, त्याच्यावर काही नाही. पंजी आणि छक्की यांत काडीचाही फरक नाही, दोघी एक्क्याला आणि तिर्रीला हरवतात, सत्तीपुढे दोघी हरतात. पंजी टाकू की छक्की, या विचारात घालवलेला वेळ फुकट. त्याचीही सत्ती आणि दश्शी तशाच जुळ्या बहिणी आहेत. तुमच्या लेखी त्याच्याकडे चार वेगळी पानं नाहीत, तीनच आहेत.

म्हणून टाकलेली पानं ढिगात लोटून देऊ नका. दोघांनीही आपापल्या समोर उघडी ओळीने मांडावीत. पाठांतराची परीक्षा घेणारे खेळ वेगळे आहेत. इथे सगळं समोर दिसत असावं, मगच खरी लढत सुरू होते.

आणि त्या गुलामाबद्दल आणखी एक. तो ज्या बक्षिसावर पडेल ते तुमचंच. मग तो लगेच वापरावा का? माझा अनुभव असा की तो हातात असेपर्यंतच जास्त काम करतो. तो आहे तोवर समोरच्याला दश्शी टाकताना प्रत्येक वेळी धडकी भरते की ती वाया जाईल. तो टाकलात की ती भीती संपली.

शेवटची दोन पानं

आता मुख्य मुद्दा. समोरच्याला कळलेला बेत मोडतो, हे पाहिलं. मग न कळणारा बेत कसा असतो? डावाचा अगदी शेवट घेऊ, कारण तिथे सगळं गणित हातावर मोजता येतं.

दोनच बक्षिसं उरली आहेत. आत्ता उघडलेली दश्शी, आणि पालथं असलेलं शेवटचं पान, जे छक्कीच आहे, कारण बाकी सगळी येऊन गेली. तुमच्याकडे पंजी आणि नव्वी. त्याच्याकडे सत्ती आणि राणी. राणी तुमच्या दोन्ही पानांना हरवते. तुमची पंजी कुणालाच हरवत नाही. तुम्हाला गुण मिळायची एकच वाट आहे, नव्वीची गाठ सत्तीशी पडणं.

म्हणजे चित्र असं. दोन घरं आहेत, एकात १०, दुसऱ्यात ६. त्याच्याकडे एकच पहारेकरी आहे, राणी. तुमच्याकडे एकच धाड घालणारा, नव्वी. पहारा नाही त्या घरावर धाड पडली तर तिथला माल तुमचा. पहाऱ्यावर धडकलात तर हातात शून्य.

दहाचं घर मोठं, म्हणून तुम्ही नेहमी तिकडेच गेलात तर तो नेहमी तिथेच पहारा ठेवेल. तुम्हाला शून्य. तो दहावरच पहारा ठेवणार, म्हणून नेहमी सहावर गेलात तर तेही त्याच्या लक्षात येईल. पुन्हा शून्य. "त्याला वाटेल की मला वाटेल की त्याला वाटेल" या साखळीला शेवट नाही, आणि विचार करता करता डोकं गरगरू लागतं.

सुटका अशी आहे. आठ वेळांपैकी तीन वेळा दहावर जा, पाच वेळा सहावर. कुठली तीन, हे तुम्ही ठरवायचंच नाही, चिठ्ठी काढून ठरू द्या. आता त्याने काय करावं? त्याने कायम दहावर पहारा ठेवला तर तुम्हाला आठात पाच वेळा ६ मिळतात, सरासरी पावणेचार. कायम सहावर ठेवला तर आठात तीन वेळा १० मिळतात, सरासरी तेवढीच, पावणेचार. त्याने काहीही केलं, अगदी तुमचं हे तीन-पाचचं प्रमाण त्याला आधी सांगून टाकलं, तरी तो तुम्हाला पावणेचारच्या खाली ढकलू शकत नाही. पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा मी दोनदा हिशोब करून पाहिला होता. ज्याचं गुपित उघड करूनही काही बिघडत नाही असा बेत!

यात एक उलटी वाटणारी गोष्ट आहे. बक्षीस मोठं, पण त्यावर धाड कमी वेळा. कारण समोरच्यालाही ते मोठं दिसतं, त्यामुळे त्याचा पहारा तिथे जास्त. त्याचं योग्य प्रमाण आठात पाच वेळा दहावर, तीन वेळा सहावर. राखणाऱ्याने बक्षिसांच्या किमतीच्या प्रमाणात राखावं, लुटणाऱ्याने बरोबर उलट्या प्रमाणात लुटावं. १० आणि ६ ऐवजी दुसरी कुठलीही दोन बक्षिसं घ्या, पानांची अशी रचना असेल तर हाच नियम चालतो.

ही कल्पना गणितात पक्की केली जॉन फॉन नॉयमन यांनी, १९२८ मध्ये. दोघांच्या अशा कुठल्याही खेळात, जिथे एकाचा फायदा तेवढाच दुसऱ्याचा तोटा असतो आणि चालींची संख्या मर्यादित असते, तिथे प्रत्येकासाठी चालींचं असं एक मिश्रण असतंच, की ते खेळणाऱ्याला समोरचा एका ठरावीक मर्यादेखाली नेऊ शकत नाही. गूफस्पीलमध्ये दोघांचे हात सारखे असल्यामुळे ती मर्यादा म्हणजे बरोबरी. नीट मिसळून खेळणारा सरासरीत कुणाकडूनच हरत नाही.

चिठ्ठी काढायची कशी? त्यासाठीच बदाम बाजूला ठेवला होता. त्यातली एक्का ते अठ्ठी ही आठ पानं पिसून एक पान फक्त तुम्ही पाहा. एक्का, दुर्री, तिर्रीपैकी आलं तर दश्शीवर नव्वी टाका, बाकी काही आलं तर पंजी टाकून नव्वी छक्कीसाठी ठेवा. हे मुद्दाम सांगतो, कारण मनातल्या मनात "आता सहज काहीतरी" ठरवणं माणसाला जमत नाही. आपण मागच्या वेळी एक केलं की पुढच्या वेळी दुसरं करतो, आणि ती अदलाबदलच समोरच्याला वाचता येते.

वरच्या हिशोबात प्रत्येक गुण सारख्याच मोलाचा धरला आहे. पण तुम्हाला जिंकायला नेमके दहाच गुण हवे असतील, सहा मिळून काहीच उपयोग नसेल, तर? मग सहाच्या घरावरची तुमची धाड ही पोकळ धमकी आहे. समोरच्याला ते कळतं, तो राणी सरळ दश्शीवर टाकतो आणि डाव संपतो. याउलट दहा किंवा सहा, कुठलंही एक मिळून तुम्ही जिंकत असाल तर प्रकरण अर्ध्या-अर्ध्यावर येतं. चार-पाच पानं उरली असतानाच थांबून मोजायला हवं, की मला जिंकायच्या किती वाटा शिल्लक आहेत. एकच वाट उरलेल्या माणसाची राखण करणं सोपं असतं.

टेबलावर

तेरा पानांचा अख्खा खेळ असा हातावर सुटत नाही. ग्लेन ऱ्होड्स आणि लॉरां बार्थोल्डी यांनी २०१२ मध्ये तो संगणकाने सोडवला. पण उत्तर शक्यतांच्या भाषेत आहे. अमुक स्थितीत हे पान इतक्या प्रमाणात, ते इतक्या प्रमाणात. ते पाठ करून खेळायला बसणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि घरच्या खेळाला त्याची गरजही नाही. कारण मिश्रण तुम्हाला हरण्यापासून वाचवतं, कच्च्या खेळाडूकडून जास्तीत जास्त गुण ते काढत नाही. समोरचा दर वेळी मोठ्या बक्षिसावर मोठं पान टाकतो आहे असं दिसलं, तर एक पायरी वर जाऊन ते गुण घ्यायलाच हवेत. मात्र तसं करताना तुम्हीही वाचता येण्याजोगे होता. किती वेळ त्याचा फायदा घ्यायचा आणि तो सावध झाल्याची खूण दिसताच कधी मागे फिरायचं, यातच अर्धा खेळ आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. हातातली पानं क्रमाने लावून धरू नका. डावीकडे लहान, उजवीकडे मोठी अशी लावलेली असली की तुमचा हात कुठून पान उचलतो एवढं पाहूनच समोरच्याला बरंच कळतं. मुलीने माझ्याकडे "नीट बघायला" सुरुवात केली तेव्हा ती नेमकं हेच बघत होती. आता मी प्रत्येक डावाआधी माझी पानंही पिसून घेतो. वेळेचंही तसंच आहे. साध्या बक्षिसावर झटकन पान टाकायचं आणि काहीतरी शिजत असलं की थांबायचं, तर ते थांबणंच बोलतं. पालथं ठेवलेलं पान बदलायचं नाही, हा नियम कडक पाळा. दोघांची पानं खाली टेकल्यावर, एक-दोन-तीन म्हणून एकदम उलटा.

लहान मुलांबरोबर सुरुवात एक्का ते पंजी अशा पाच पानांनी करावी. बेरीज १५, जिंकायला ८. एक डाव दोन मिनिटांत होतो, आणि एक पायरी वर जाण्याची युक्ती मूल स्वतः शोधून काढतं. ती आधी सांगू नका. शोधल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं. मग सात पानं, बेरीज २८, मग पूर्ण तेरा.

आणि दोघंही चांगले तयार झालात की बक्षिसांचं तेवढंसं नशीबही काढून टाकून पाहा. चौकटची तेरा पानं पिसून सुरुवातीलाच सगळी उघडी, ओळीने मांडायची आणि त्याच क्रमाने खेळायचं. पुढे काय येणार हे दोघांनाही शेवटपर्यंत दिसतंय. हातातली पानं तर आधीपासूनच उघड आहेत. आमच्याकडे हल्ली हाच प्रकार जास्त चालतो. मुलगी ओळ मांडते, आम्ही दोघंही ती मिनिटभर गप्प बसून वाचतो, आणि मग ती पहिलं पान पालथं ठेवून माझ्याकडे बघत राहते.